सिकोर्स्की यांचें उभें उड्डाण

गोदावरीस पूर आला म्हणजे गांवास वेढा कसा पडतो, हें नांदेडच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांच्या घरीं अद्याप बोलली जाते, त्या लातूरकडील मुलांसही संकटांतल्या एकेका घटकेचें मोल ठाऊक आहे. अशा समयीं, जेथें विमानास धांवपट्टी नाहीं तेथें, उभेंच उतरणारें हेलिकॉप्टर ज्यांनीं व्यवहारांत आणलें, त्या ईगोर सिकोर्स्की यांचें हें चरित्र.

त्यांचा जन्म २५ मे १८८९ रोजीं कीव्ह शहरीं झाला. वडील मानसरोगांचे प्राध्यापक होते. लिओनार्डो दा व्हिंचीनें कल्पिलेल्या उडत्या यंत्रांच्या गोष्टी आईनेंच त्यांस सांगितल्या. १९०९ सालीं बहिणीनें दिलेल्या पैशांवर पॅरिसहून एंजिन आणून त्यांनीं हेलिकॉप्टर बांधलें. तें उडालें नाहीं. दुसरें बांधलें, तें स्वतःचा भार जेमतेम उचली, माणसाचा नाहीं. एंजिनांची शक्ति तुटपुंजी आहे, हें ओळखून त्यांनीं तो विचार बाजूस ठेवला. सोडला मात्र नाहीं.

मग ते साध्या विमानांकडे वळले. एकदां एंजिनांत एक डांस अडकून इंधन तुंबलें आणि विमान कोसळलें. एकाच एंजिनावर प्राण टांगणें बरें नव्हे, या जाणिवेंतून १९१३ सालीं त्यांचें चार एंजिनांचें विमान निर्माण झालें. राज्यक्रांतीनंतर सर्वस्व सोडून ते १९१९ सालीं न्यूयॉर्कला आले व आपल्या देशबांधवांस गणित शिकवून पोट भरूं लागले. आम्हां शिक्षकांस ही गोष्ट विशेष प्रिय वाटल्यास नवल नाहीं! १९२३ सालीं कोंबड्यांच्या एका वाडींत त्यांचा कारखाना सुरू झाला. संगीतकार रख्मानिनोव्ह यांनीं त्यास पांच हजार डॉलर दिले.

वरचें मोठें चक्र फिरूं लागलें कीं यंत्राचें धड उलट दिशेस गरगरूं पाहतें. सिकोर्स्की यांनीं शेपटाशीं लहानसें उभें चक्र लावून तें आवरलें. १४ सप्टेंबर १९३९ रोजीं, दोरांनीं बांधलेल्या त्या यंत्रांत पन्नाशीचे सिकोर्स्की स्वतः बसले आणि यंत्र कांहीं क्षण भूमीपासून सुटलें. तीस वर्षें गेलीं होतीं.

दुसऱ्या महायुद्धांत हीं यंत्रें सैन्यांत गेलीं; परंतु त्यांच्या निर्मात्यास अभिमान होता तो त्यांनीं वांचविलेल्या जिवांचा. नोव्हेंबर १९४५ मध्यें वादळांत सांपडलेल्या नौकेवरून दोन माणसांस दोरानें वर ओढून घेतलें गेलें, तें त्यांच्याच हेलिकॉप्टरनें. आपल्या वायुदलानें १९५४ सालीं प्रथम घेतलेलीं एस-५५ हेलिकॉप्टरेंही त्यांच्याच कारखान्यांतलीं.

उतारवयांत त्यांच्या मनानें घेतला तो आकाशांतील याऱ्या. १९६२ सालीं तो प्रथम उडाला. त्यास पोटच नव्हतें! केवळ कणा, आणि त्याखालीं सुमारें नऊ टन ओझें टांगण्याची सोय. एका वैमानिकाचें आसन मागें तोंड करून असे, म्हणजे ओझ्यावर त्याची दृष्टि राही. व्हिएतनामच्या युद्धांत त्यानें तोफा वाहिल्या, पडलेलीं विमानें उचलून आणलीं आणि रुग्णालयाची आख्खी खोलीही नेली. तोफ टांगावी कीं रुग्णालय, हें यंत्र ठरवीत नाहीं. सिकोर्स्की २६ ऑक्टोबर १९७२ रोजीं अमेरिकेंत आपल्या घरीं वारले. त्यांच्या याऱ्याचे वंशज आज वणव्यांवर पाणी ओतीत फिरत असतात.