डॉक्टर अल्झायमर यांचं जर्नल

घरातलं वयस्कर माणूस विसरायला लागलं की आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणतो आणि मोकळे होतो. पण हा मेंदूचा आजार असू शकतो, हे ज्यांनी दाखवून दिलं त्या माणसाची ही ओळख.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १८६४ साली जर्मनीतल्या मार्क्टब्राइट या लहान गावी झाला. डॉक्टर झाल्यावर १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथे फ्रान्झ निसल हा मित्र भेटला. दिवसा रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं, अशी दोघांची जोडी जमली.

१९०१ हे वर्ष त्यांना फार जड गेलं. फेब्रुवारीत पत्नी वारली. पदरात तीन लहान मुलं. त्याच नोव्हेंबरात अगुस्टे डेटर नावाच्या बाई रुग्णालयात दाखल झाल्या. वय अवघं ५१, म्हणजे साठी अजून लांबच! नवऱ्यावर विनाकारण संशय घ्यायच्या, वस्तू लपवून ठेवायच्या, राहत्या घरातही चुकायच्या. अल्झायमर त्यांच्याजवळ बसून साधे प्रश्न विचारत. नाव काय? समोर काय खाताय? ताटात फ्लॉवर आणि मांस असताना बाईंनी पालक सांगितला. ही उत्तरं ते जशीच्या तशी लिहून ठेवत. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवतो. हे गृहस्थ खरोखर रोज लिहीत होते!

पुढे ते म्युनिकला गेले, पण बाईंची चौकशी सुटली नाही. एप्रिल १९०६ मध्ये बाई वारल्या, तेव्हा त्यांनी केस पेपर आणि मेंदू म्युनिकला मागवून घेतला. मायक्रोस्कोपखाली पेशींच्या आत धाग्यांचे गुंते आणि बाहेर साचलेले पुंजके दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. सभागृहातून एकही प्रश्न आला नाही. १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. १९१२ मध्ये ते ब्रेस्लाउला प्राध्यापक झाले आणि १९१५ च्या डिसेंबरात तिथेच गेले. वय ५१, दाखल होताना त्या बाईंचं होतं तेवढंच.

मित्रांनो, आज स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच आहे. तो पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. पण विसरणं नेहमी याच आजारामुळे होतं असंही नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही माणूस विसरतो आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून तपासणी लवकर हवी.

सुट्टीत घरी गेलात की जरा लक्ष द्या. आजी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतेय का? आजोबा रोजच्या रस्त्यावर चुकतात का? सुट्ट्या पैशांचा हिशोब जमत नाही का? असं वारंवार होत असेल तर तारीख घालून वहीत लिहा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. निदान झालंच तर दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा, वस्तूंच्या जागा बदलू नका, खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, बीपी-शुगर सांभाळा. चुका काढून वाद घालू नका, दहाव्यांदा विचारलं तरी शांतपणे उत्तर द्या. सांभाळणाऱ्या आईलाही दोन तास मोकळे द्या.

व्हायवात एक उत्तर आठवलं नाही तर आपली काय अवस्था होते! आजीची तर रोजच व्हायवा चालू असते. तेव्हा निदान आपण तरी कडक एक्स्टर्नल होऊ नये.