पेशव्यालाच दोषी ठरवणारे माहुलीचे रामशास्त्री

साताऱ्याजवळचं माहुली, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचं गाव. रामशास्त्री प्रभुणे इथलेच. वडील लवकर गेले, शिकायचं राहिलं आणि पोरगा साताऱ्यात अनगळ सावकाराकडे कामाला लागला. सावकाराचा टोमणा जिव्हारी लागला म्हणून त्याने काशी गाठली, असं लोक सांगतात. वय तेव्हा विशीच्या घरात. त्या वयात बाकीचे शिकून मोकळे होत. पण गडी चिकाटीचा. धर्मशास्त्र पक्कं करूनच परतला. १७५१ मध्ये पेशव्यांच्या चाकरीत लागला आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाला.

पद मोठं होतं. गावचा तंटा पंचायतीत सुटायचा, तिथं नाही मिटला तर मामलेदाराकडे आणि शेवटची दाद पुण्यात. पण शास्त्रींच्या हाती ना फौज, ना किल्ल्यांच्या चाव्या. नेमणूक पेशव्याची, वेतन पेशव्याचं, निकाल अंमलात आणणारी माणसंही पेशव्याचीच.

थोरले माधवराव होते तोवर हे निभलं. ते जपतपात फार रमू लागले, कारभार अडू लागला, तेव्हा शास्त्रींनी काशीला जायची परवानगी मागितली. पूजाच करायची असेल तर गादी सोडून गंगेकाठी बसावं, राज्य करायचं असेल तर रयतेकडे बघावं, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. माधवरावांनी ते ऐकलं. ऐकलं नसतं तर शास्त्री काय करू शकणार होते?

त्याचं उत्तर १७७३ मध्ये मिळालं. ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं आणि चुलता राघोबादादा गादीवर बसला. शास्त्रींनी चौकशी केली. राघोबाने आपण फक्त धरायला सांगितलं होतं असं म्हटलं. ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईने केला, ही गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे. शास्त्रींनी मात्र राघोबाला सोडलं नाही. या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, असं सांगून ते पद सोडून वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले.

शिक्षा कोण देणार? कोणीच नाही. काहींना वाटतं, पद न सोडता झगडायला हवं होतं. पण राघोबाचंच वेतन घेऊन राघोबाचा न्याय करायचा कसा? निकाल वाया मात्र गेला नाही. दोषी ठरलेल्या पेशव्याविरुद्ध सखारामबापू, नाना फडणीस असे कारभारी एकत्र आले. १७७४ च्या एप्रिलमध्ये नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना मुलगा झाला आणि गादी त्याच्या नावे झाली. राघोबा इंग्रजांकडे पळाला, शेवटी कोपरगावात नजरेखाली राहून १७८३ मध्ये वारला. देहान्ताचा निकाल अंमलात आलाच नाही.

दुसरी बाजूही बघावी लागते. शास्त्री स्वतः चुकले असते तर दाद कोणाकडे मागायची? पेशव्याशिवाय वर कोणी नव्हतं. त्यांनी स्वतःलाच लगाम घातला होता. घरात एका दिवसाला पुरेल त्याहून जास्त शिधा ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. पण तो त्यांचा स्वभाव होता, राज्याचा कायदा नव्हता. पुढच्याने पाळलाच पाहिजे असं काही नव्हतं.

नानांच्या कारभारात त्यांना सन्मानाने परत बोलावलं गेलं. ऑक्टोबर १७८९ मध्ये ते वारले. सवाई माधवराव तेव्हा पंधरा वर्षांचे होते.