उदगीरचे विजेते सदाशिवरावभाऊ आणि त्यांचा तोतया

आपला उदगीरचा किल्ला तुम्ही पाहिलाच असेल. इथल्या लढाईत निजामाला हरवणाऱ्या सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूनंतर काय घडलं, ते माहीत आहे का?

भाऊ हे चिमाजी अप्पांचे पुत्र. जन्म १७३० चा. आई तान्हेपणीच गेली, दहाव्या वर्षी वडीलही वारले. आजी राधाबाईंनी त्यांना वाढवलं. ते हिशेबात आणि कारभारात हुशार निघाले. फेब्रुवारी १७६० मध्ये त्यांनी उदगीरची लढाई जिंकली आणि दौलताबादचा किल्लाही मराठ्यांना मिळाला. लगेच उत्तरेची मोहीम त्यांच्याकडे आली. १४ जानेवारी १७६१ रोजी ते पानिपतावर पडले. वय अवघं तीस!

रणात शिर नसलेलं एक धड सापडलं. अंगावरच्या खुणांवरून ते भाऊंचं ठरलं आणि अग्निसंस्कार झाले. पण पुण्यात बऱ्याच जणांना हे पटेना. पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य मानलं नाही.

काही वर्षांनी एक माणूस मीच भाऊ म्हणत पुढे आला. थोरल्या माधवरावांनी चौकशी करून त्याला कैदेत टाकलं. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्लेदाराने त्याला सोडलं. कोकणातली हजारो माणसं त्याच्यामागे गेली! शेवटी राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडलं. तो बुंदेलखंडातला सुखनिधान नावाचा ब्राह्मण ठरला. त्याला देहदंड झाला.

मग ती सगळी माणसं खोटारडी होती का? काही स्वार्थी असतील. पण पंधरा वर्षांत चेहरा पुसट होतो, आणि ती रिकामी जागा आपली आशा भरून काढते.

१९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना मोटारी एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता असं विचारलं, तर काहींना जोरात आदळल्या तेव्हा किती होता, असं. आठवड्याने फुटलेली काच पाहिली का, असं विचारल्यावर दुसऱ्या गटातल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, पहिल्या गटातले ७. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती!

म्हणून वर्गात भांडण झालं की मी कोणी ढकललं, असं विचारत नाही. काय झालं, एवढंच विचारते आणि प्रत्येकाला वेगवेगळं लिहायला सांगते. तुम्हीही साक्ष देताना जे पाहिलं तेवढंच सांगा. आठवत नसेल तर तसंही सांगा, त्यात कमीपणा नाही.