नाव झालं हेन्रींचं, गणित होतं हक यांचं. बोटांच्या ठशांना नंबर देणारा बंगाली फौजदार

पोलीस आरोपीच्या दहाही बोटांचे ठसे घेतात, हे सगळ्यांना माहितीये. पण हजारो लोकांच्या ठशांचे कागद जमले, तर त्यातून नेमका एक कागद शोधायचा कसा? हा प्रश्न ज्या पद्धतीने सोडवला तिला आजही 'हेन्री पद्धत' म्हणतात. एडवर्ड हेन्री हे इंग्रज अधिकारी, बंगालचे पोलीस प्रमुख. पण पद्धतीतलं गणित बसवलं होतं त्यांच्या हाताखालच्या एका फौजदाराने. त्यांचं नाव, काझी अझीझुल हक.

हक यांचा जन्म १८७२ चा, खुलना जिल्ह्यातला. हा भाग आज बांगलादेशात येतो. आईवडील लहानपणीच गेले. घरात खाणारी तोंडं जास्त आणि पैसा कमी. वयाच्या बाराव्या वर्षी पोराने घर सोडलं आणि थेट कलकत्ता गाठलं. तिथल्या एका कुटुंबाने त्यांना आसरा दिला, शाळेत घातलं. पोरगं गणितात हुशार निघालं आणि प्रेसिडेन्सी कॉलेजपर्यंत पोहोचलं.

१८९२ मध्ये हेन्रींना आकडेमोडीत पक्का असलेला तरुण हवा होता. त्यांनी प्रेसिडेन्सीच्या प्राचार्यांना विचारलं. प्राचार्यांनी हक यांचं नाव सुचवलं आणि गणिताचा विद्यार्थी पोलिसात फौजदार झाला.

तेव्हा गुन्हेगार ओळखायला फ्रान्सच्या बर्तिलाँची पद्धत चालायची. डोकं, हात, पाय यांची मापं घ्यायची आणि लिहून ठेवायची. यात घोळ असा, की एकाच माणसाची मापं दोन शिपायांनी घेतली तर दोन वेगळे आकडे यायचे. बोटांचे ठसे मात्र बदलत नाहीत. बंगालमध्येच विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ पासून करारावर हाताचे ठसे घ्यायला सुरुवात केली होती. लंडनच्या फ्रान्सिस गॅल्टन यांनी १८९२ मध्ये ठशांवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. पण हजारो कागदांतून एक कागद पटकन काढायची सोय गॅल्टन यांनाही नीट जमली नव्हती.

इथे हक यांचं गणित कामाला आलं.

आपल्याकडे बोटांवर शंख आहे की चक्र, हे बघायची जुनी सवय आहे. हक यांनी साधारण तेच बघितलं, पण भविष्य सांगायला नाही. त्यांनी दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र असेल तर १६ गुण, दुसऱ्या जोडीला ८, मग ४, २ आणि १. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या एका बोटाचे गुण वर आणि दुसऱ्याचे खाली, अशा दोन बेरजा करायच्या आणि दोन्हीत १ मिळवायचा.

म्हणजे कुणाच्या फक्त उजव्या तर्जनीवर चक्र असेल, तर त्याचा नंबर १७/१. दहाही बोटांवर चक्र असेल तर ३२/३२. वर ३२ शक्यता, खाली ३२ शक्यता, एकूण १,०२४ कप्पे. नवा माणूस पकडला की त्याचा नंबर काढायचा आणि थेट त्याच कप्प्यात हात घालायचा. सगळा ढीग उपसायची गरजच उरली नाही.

१८९७ मध्ये सरकारने ही पद्धत मान्य केली आणि कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. लगेच कसोटी लागली. जलपाइगुडीच्या एका चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला होता. तिथे सापडलेल्या बंगाली पंचांगावर रक्ताने माखलेल्या बोटाचा डाग होता. तो कांगाली चरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याच्या ठशाशी जुळला. चोरीत आधी शिक्षा झाल्यामुळे त्याचे ठसे सरकारकडे होतेच. १८९८ मध्ये कोर्टाने ठसा मानला आणि चोरीची शिक्षा दिली. खुनाच्या आरोपातून मात्र तो सुटला.

१९०० मध्ये या पद्धतीवरचं पुस्तक आलं. त्यावर नाव एकट्या हेन्रींचं. पुढच्याच वर्षी हेन्री स्कॉटलंड यार्डमध्ये गेले, तिथे ठशांचा विभाग उघडला, १९०३ मध्ये लंडनचे पोलीस कमिशनर झाले आणि पुढे 'सर'ही झाले. जे छापलं जातं त्यावर ज्याचं नाव, शोध त्याचा. पद्धत हेन्रींची झाली ती कायमची.

कलकत्त्यात आणखी एक जण मागे राहिला, हेमचंद्र बोस. हक यांचे सहकारी असलेल्या बोस यांनी ठशांची माहिती तारेने पाठवता येईल असे सांकेतिक आकडे तयार केले.

बिहार वेगळा प्रांत झाल्यावर हक तिकडच्या पोलिसात गेले. आपल्या कामाची दखल घ्यावी, ही मागणी त्यांनी सरकारकडे लावून धरली. त्यांना 'खानबहादूर' किताब आणि ५,००० रुपये मिळाले, बोस यांना 'रायबहादूर' किताब आणि तेवढेच रुपये. निवृत्त हेन्रींनीही लंडनच्या इंडिया ऑफिसला कळवलं, की आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांत या पद्धतीसाठी सर्वात जास्त काम हक यांचं होतं. पण तोवर पुस्तक जगभर पोहोचलं होतं.

१९३५ मध्ये मोतिहारीत हक गेले.

पुढे संशोधकांनी जुनी सरकारी कागदपत्रं बाहेर काढली. २००५ मध्ये 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात जी. एस. सोढी आणि जसजीत कौर यांनी हक आणि बोस यांच्या कामावर लेख लिहिला. ब्रिटनच्या 'फिंगरप्रिंट सोसायटी'ने तर संशोधनासाठीचा पुरस्कारच या दोघांच्या नावाने सुरू केला.

स्वतःचं काम दुसऱ्याच्या नावाने छापलेलं बघितलेल्या दोन माणसांच्या नावाने आज संशोधनाचा सन्मान होतो. १,०२४ कप्प्यांची ती पद्धत मात्र अजूनही हेन्रींच्याच नावाने शिकवली जाते.