पाच बहिणींतलं शेंडेफळ

मदर तेरेसांचं नाव ठाऊक नाही असं घर आपल्याकडे शोधून सापडणार नाही. पण हे त्यांचं जन्मनाव नव्हे. धर्मभगिनी होताना त्यांनी ते घेतलं, आणि घेतलं ते फ्रान्समधल्या एका मुलीवरून. ही मुलगी जेमतेम २४ वर्षं जगली. त्यातली पंधरा वर्षं घरात आणि उरलेली मठाच्या भिंतींआड. तिने ना दवाखाना काढला, ना शाळा चालवली, ना कुठे व्याख्यान दिलं. तरी आज जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये तिची मूर्ती दिसते. अंगात तपकिरी झगा, हातात क्रूस आणि गुलाबाची फुलं. ‘लिटल फ्लॉवर’ हे नाव आपल्या देशातल्या कितीतरी शाळांना आहे, ते तिचंच. ही लिझ्यूची संत तेरेजा.

संत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चमत्कार येतात, नाहीतर रानावनातली तपश्चर्या. तेरेजाची गोष्ट मात्र एका घराची आहे. आई गेल्यावर एकमेकींना सांभाळून मोठ्या झालेल्या पाच बहिणींची.

फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात आलांसों नावाचं गाव आहे. सुईने विणलेल्या नाजूक लेससाठी ते प्रसिद्ध. तेरेजाची आई झेली हिचा या लेसचाच व्यवसाय होता. ती ऑर्डर घ्यायची, बायकांना घरी बसून करायला काम द्यायची, आणि त्यांनी आणलेले तुकडे जोड दिसणार नाही अशा टाक्यांनी स्वतः एकत्र जोडायची. वडील लुई मार्तां यांचं घड्याळांचं दुकान होतं. बायकोचा व्याप वाढला तेव्हा, १८७० साली, त्यांनी आपलं दुकान विकलं आणि तिच्या कामाला हातभार लावू लागले. दीडशे वर्षांपूर्वी नवऱ्याने असं करणं ही साधी गोष्ट नव्हती!

या दांपत्याला नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच दगावली. राहिल्या पाच मुली. मारी, पोलिन, लेओनी, सेलिन आणि २ जानेवारी १८७३ला जन्मलेली शेंडेफळ तेरेजा. बाळ इतकं अशक्त होतं, की आईने काळजावर दगड ठेवून तिला जवळच्या खेड्यात एका दाईच्या घरी दुधासाठी ठेवलं. वर्षभराने पोर गुटगुटीत होऊन परत आली.

घरात श्रद्धा होती, पण ती सोवळ्यात ठेवलेली नव्हती. पहाटे चर्चला जायचं, रात्री सगळ्यांनी एकत्र प्रार्थना म्हणायची, आणि मधल्या वेळात भांडणं, रुसवेफुगवे, खेळ, अभ्यास. मुलींना एक मण्यांची माळ दिलेली असे. आवडती वस्तू बहिणीला दिली, उलट बोलायचं तोंडावर आलं नि गिळलं, की एक मणी पुढे सरकवायचा. चार वर्षांची तेरेजासुद्धा दिवसभरात खिशात हात घालून मणी सरकवायची. म्हणून ती शहाणी बाळ होती असं नाही. हट्टी होती, मनासारखं झालं नाही तर जमिनीवर लोळण घ्यायची. एकदा लेओनीने आपल्या बाहुलीचे कपडे आणि कापडाचे रंगीत तुकडे टोपलीत घालून धाकट्या दोघींपुढे ठेवले, हवं ते घ्या म्हणाली. सेलिनने एक गोंड्याचा गुंडा उचलला. तेरेजाने मला सगळंच हवं म्हणत अख्खी टोपली पळवली. पुढे मोठेपणी तिने या प्रसंगात आपला स्वभाव ओळखला. देवाच्या बाबतीतही तिला थोडं देऊन थोडं राखून ठेवणं जमणार नव्हतं.

आईचं काय झालं ते मैत्रिणींनो, नीट वाचा. झेलीला छातीत गाठ जाणवली ती १८६५च्या सुमाराला. तिने भावाला पत्रात तसं कळवलंही. पण घर, बाळंतपणं, लेसची कामं यात तो विषय मागे पडला. १८७६च्या डिसेंबरात डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा वेळ निघून गेली होती. २८ ऑगस्ट १८७७ला ती गेली. वय ४५. त्या काळी उपचारांनी किती साधलं असतं हा प्रश्न वेगळा. पण आज उपचार असूनही आपल्यातल्या किती जणी घरचं सगळं उरकल्यावर बघू म्हणत अशी गाठ लपवतात! वस्त्यांमधून काम करताना मला हे वारंवार दिसतं. झेलीची गोष्ट यासाठीसुद्धा सांगायला हवी.

अंत्यविधी झाल्यावर घरची मोलकरीण धाकट्या दोघींकडे पाहून हळहळली, पोरींना आता आई नाही म्हणून. तेव्हा सेलिन धावत जाऊन मारीला बिलगली, आता तूच माझी आई म्हणून. साडेचार वर्षांच्या तेरेजाने क्षणभर विचार केला, आणि पोलिनला वाईट वाटू नये म्हणून तिच्या कुशीत शिरली. मारी होती सतरा वर्षांची आणि पोलिन सोळाही पूर्ण नव्हती. या वयात त्या दोघी आया झाल्या.

लुई मुलींना घेऊन लिझ्यूला राहायला गेले. तिथे मुलींच्या मामाचं औषधांचं दुकान होतं, आधार होता. मारीने घरखर्च आणि स्वयंपाकपाणी हातात घेतलं. पोलिनने धाकटीचा अभ्यास, वेणीफणी, प्रार्थना. दुपारी वडील तेरेजाला फिरायला न्यायचे, वाटेत एखाद्या चर्चमध्ये डोकवायचे. संध्याकाळी सोंगट्यांचा डाव, वाचन, मग प्रार्थना. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, सगळं सुरळीत आहे. पण आतून ती मुलगी मिटून गेली होती. आई असताना खिदळणारी पोर आता शब्दाशब्दाला रडायची. रडले म्हणून पुन्हा रडायची.

त्यात १८८२ साली पोलिनने लिझ्यूमधल्याच कार्मेल मठात प्रवेश घेतला. तेरेजाला हे सरळ कुणी सांगितलंच नव्हतं. मोठ्यांच्या बोलण्यातून ते तिच्या कानावर पडलं. दुसरी आईही गेली. काही महिन्यांतच ती अंथरुणाला खिळली. थरथर, भास, माणसं न ओळखणं. डॉक्टरांना आजार उमगेना. १३ मे १८८३ला बहिणी तिच्या खोलीतल्या मारियामातेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून रडत प्रार्थना करत होत्या. तेरेजाला ती मूर्ती आपल्याकडे पाहून हसल्यासारखी वाटली, आणि त्या दिवसापासून ती बरी होत गेली. कुणी याला चमत्कार म्हणेल, कुणी मनाचा आजार मनाने बरा झाला म्हणेल. दहा वर्षांच्या मुलीला आई हवी होती आणि ती तिला दिसली, एवढं खरं.

तिच्या आयुष्यातलं मोठं वळण मात्र अगदी साध्या प्रसंगात आलं. १८८६चा नाताळ. फ्रान्समध्ये त्या रात्री मुलं चुलीपाशी आपले बूट ठेवतात आणि त्यात खाऊ, भेटी मिळतात. तेरेजा जवळजवळ चौदा वर्षांची, तरी तिचे बूट ठेवलेच होते. मध्यरात्रीच्या उपासनेहून दमून आलेले वडील ते बूट पाहून वैतागले. हे बालीश प्रकार यंदा शेवटचेच, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेले. जिन्यावर तेरेजाने ते ऐकलं. सेलिनला पुढचं ठाऊक होतं, आता ही रडणार नि सगळ्यांचा सण नासणार. तिने हळूच सांगितलं, आत्ता खाली जाऊ नकोस. पण तेरेजाने डोळे पुसले, खाली आली, आणि काही ऐकलंच नाही अशा आनंदाने एकेक भेट उघडून वडिलांना दाखवू लागली. वडीलही हसायला लागले. एवढंच घडलं. पण आपल्या दुखावल्या मनापेक्षा समोरच्याचा आनंद मोठा मानायचा, हे बळ तिला त्या रात्री मिळालं. आपलं बालपण त्या रात्री संपलं असं ती मानत असे.

मारीही तोवर मठात गेली होती. आता तेरेजालाही जायचं होतं, पण वय आड येत होतं. वडिलांनी डोळ्यांत पाणी आणून होकार दिला. मठाचे वरिष्ठ थांब म्हणाले, बिशपांनी ताबडतोब हो म्हटलं नाही. मग वडील तिला नि सेलिनला घेऊन यात्रेकरूंबरोबर रोमला गेले. पोपसमोर कुणी बोलायचं नाही अशी ताकीद असताना २० नोव्हेंबर १८८७ला या मुलीने पोप तेरावे लिओ यांच्या पायाशी बसून परवानगी मागितली. पहारेकऱ्यांना तिला उचलून बाजूला करावं लागलं. अखेर ९ एप्रिल १८८८ला, पंधराव्या वर्षी ती मठात शिरली.

यानंतरचा भाग आई-बाप म्हणून वाचताना जीव कासावीस होतो. तेरेजा गेली त्याच वर्षी वडिलांच्या मनाचा तोल ढळू लागला. १८८९मध्ये त्यांना काँ नावाच्या शहरात मनोरुग्णांच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. तिथे त्यांनी तीन वर्षं काढली. गावाला बोलायला विषय मिळाला. एकेक मुलगी सोडून गेली म्हणून बापाचं असं झालं, अशी कुजबुज सुरू झाली. मठाच्या जाळीआड ती तेरेजाच्याही कानी आली. तिच्याजवळ उत्तर नव्हतं. पोटच्या लेकीने असं जावं का, हा प्रश्न आपल्यालाही पडतोच. पण वडिलांची सेवा कुणी केली तेही पाहायला हवं. सेलिनने. मठात जायची तिचीही ओढ होती, लग्नाची मागणीही आली होती. तिने दोन्ही बाजूला ठेवलं, आणि २९ जुलै १८९४ला वडिलांनी डोळे मिटेपर्यंत त्यांना सांभाळलं. मगच ती तेरेजाच्या मठात आली.

मठ म्हणजे तरी काय, पंचवीस-एक बायकांचं एकत्र कुटुंब! जावा-नणंदांत होतं ते सगळं तिथेही होतं. धुणं धुताना समोरची बहीण घाणेरड्या पाण्याचे शिंतोडे उडवायची. तेरेजा मागे सरकायची नाही, जणू चांगलंच काही मिळतंय असं मानायची. एका वृद्ध, अपंग बहिणीला रोज संध्याकाळी हात धरून जेवणघरात न्यायचं काम तिने मागून घेतलं. भरभर चाललं तर पाडतेस म्हणून बोलणी, हळू चाललं तर हात सोडलास म्हणून बोलणी. ती म्हातारीला बसवायची, पाव कापून द्यायची आणि गोड हसून निघायची. एका बहिणीचं सगळंच तिला खटकायचं. तिच्याशी ती इतकी मायेने वागली, की माझ्यात हिला एवढं काय आवडतं, असा प्रश्न त्या बाईला पडला. मोठी कामं मोठी माणसं करतील, आपण छोटं काम मोठ्या प्रेमाने करावं, हाच तिचा मार्ग. त्याला ती छोटी वाट म्हणे.

१८९६च्या गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री तिला रक्ताची उलटी झाली. क्षय. त्याच काळात तिच्या मनात अंधार दाटला. ज्या स्वर्गाच्या भरवशावर सगळं सोडलं, तो आहे की नाही असं मन विचारू लागलं. दीड वर्ष, मरेपर्यंत हे चाललं. वरून मात्र हसणं, थट्टा, कामं सुरू. श्रद्धा म्हणजे शंका नसणं नव्हे, हे तिच्याकडे पाहून कळतं. ३० सप्टेंबर १८९७ला ती गेली. मारी, पोलिन, सेलिन तिघी उशापायथ्याशी होत्या.

ती जगाला कळली तीही बहिणींमुळेच. एका हिवाळ्याच्या संध्याकाळी मठात या बहिणी लहानपणच्या आठवणी काढत होत्या. मारीला वाटलं, हे लिहून ठेवायला हवं. पोलिन तेव्हा मठाची प्रमुख होती. तिने लिहायची आज्ञा केली आणि तेरेजाने साध्या वहीत लिहिलं. ते लिखाण १८९८ साली दोन हजार प्रतींत छापलं गेलं आणि बघता बघता जगभर गेलं. १९२५ साली चर्चने तिला संत जाहीर केलं. १९२७मध्ये तिला जगभरच्या मिशनकार्याची आश्रयदात्री ठरवण्यात आलं, तेही संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने. गोव्याला ज्यांचं शव आहे तेच हे झेवियर. ते समुद्र ओलांडून जपानपर्यंत गेले, आणि ही मठात शिरल्यावर उंबऱ्याबाहेरही पडली नाही. पुढे २०१५ साली लुई आणि झेली हे दांपत्यही एकत्रच संत ठरलं.

आता राहिली लेओनी. शाळेत मागे पडलेली, शाळेने परत पाठवलेली, घरच्या मोलकरणीने आईच्या नकळत धाकात ठेवलेली. चौघी बहिणींची नावं घेताना हिचं नाव शेवटी यायचं. तिनेही मठाचा प्रयत्न केला, तीनदा अर्ध्यावर परत आली. तेरेजा असताना तिला पत्रांतून धीर द्यायची. तेरेजा गेल्यावर, १८९९मध्ये लेओनी चौथ्यांदा गेली, काँच्या मठात. या वेळी टिकली. धाकटीची छोटी वाट धरून १९४१पर्यंत, बेचाळीस वर्षं तिने तिथली हलकीसलकी कामं केली. आज तिलाही संत ठरवण्याची प्रक्रिया सुरू आहे, आणि तिच्या समाधीवर लोक येतात ते बहुतेक नापास झालेल्या, हट्टी, कुणाला नकोशा वाटणाऱ्या लेकरांसाठी प्रार्थना करायला.

तेरेजाची वाट खरी होती का, याचा पुरावा मला तिच्या मूर्तींपेक्षा या लेओनीत दिसतो. हुशार, लाडक्या धाकटीला जे जमलं ते घरातल्या सगळ्यात मागे राहिलेल्या मुलीलाही जमलं. धुणं, भांडी, म्हाताऱ्यांची उठबस आणि गिळलेला एखादा शब्द. आपल्या दिवसात तरी दुसरं काय असतं?