मॅगी वॉकर : धुण्याच्या पैशांतून उभी राहिलेली बँक

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या रिचमंड शहरात २ नोव्हेंबर १९०३ रोजी एका नव्या बँकेचे दार उघडले. पहिल्याच दिवशी सुमारे २८० ठेवी जमा झाल्या. कोणी शंभराहून अधिक डॉलर आणले होते, तर एका खातेदाराने केवळ ३१ सेंट. तीही ठेव स्वीकारली गेली. ‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ हे त्या बँकेचे नाव. तिच्या संस्थापक मॅगी लीना वॉकर या अमेरिकेत बँकेची सनद मिळवून तिचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत.

मॅगी यांचा जन्म १८६४ सालचा. त्यांच्या आई एलिझाबेथ यांचे पूर्वायुष्य गुलामगिरीत गेले होते. १८७६ मध्ये सावत्र वडिलांचा मृतदेह जेम्स नदीत सापडला आणि घराचा आधार तुटला. आईने लोकांचे कपडे धुण्याचे काम पत्करले. धुतलेले कपडे घरोघरी पोहोचविणे आणि धाकट्या भावाला सांभाळणे ही कामे लहानग्या मॅगीच्या वाट्याला आली. कष्टकरी स्त्रीच्या हाती पैसा किती सायासाने येतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

चौदाव्या वर्षी त्या ‘इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक’ या परस्पर साहाय्य करणाऱ्या संस्थेच्या सभासद झाल्या. आजारपणात मदत मिळावी आणि दफनाचा खर्च भागावा, म्हणून सभासद तेथे थोडी थोडी वर्गणी भरत. पुढे मॅगी शिक्षिका झाल्या. परंतु १८८६ मध्ये विवाह होताच तत्कालीन नियमानुसार त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १८९९ मध्ये संस्थेची सूत्रे त्यांच्याकडे आली, तेव्हा तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते आणि देणे ४०० डॉलरचे.

काळ प्रतिकूल होता. १९०२ च्या राज्यघटनेने व्हर्जिनियातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला होता. अशा वेळी मॅगी यांनी मोलकरणी आणि धोबिणी यांच्या किडुकमिडुक बचतीकडे भांडवल म्हणून पाहिले. बँकेच्या संचालक मंडळात स्त्रिया होत्या आणि कारकुनाच्या जागांवरही स्त्रिया नेमल्या गेल्या. मुलांना पैसे साठविण्यासाठी पुठ्ठ्याचे छोटे डबे दिले जात. साठलेल्या ठेवींतून घरांसाठी कर्जे दिली गेली आणि १९२० पर्यंत सुमारे सहाशे कुटुंबांना स्वतःची घरे घेता आली.

प्रत्येक प्रयत्न यशस्वी झाला असे नाही. १९०५ मध्ये उघडलेले ‘सेंट ल्यूक एम्पोरियम’ हे दुकान गोऱ्या व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे काही वर्षांतच बंद पडले. १९१५ मध्ये तर घरावरच आघात झाला. चोर समजून मुलाने झाडलेल्या गोळीने पतीचा मृत्यू झाला. खटल्यात मुलगा निर्दोष सुटला. पण त्या काळात मॅगी यांना दुःखाबरोबर लोकांचा संशयही सोसावा लागला. तरीही त्यांनी काम सोडले नाही. पुढे व्याधीमुळे चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला, तेव्हाही त्यांचा कारभार चालू राहिला. महामंदीच्या तोंडावर त्यांची बँक शहरातील अन्य कृष्णवर्णीय बँकांमध्ये विलीन झाली आणि नवी बँक त्या संकटातूनही तगून राहिली. १५ डिसेंबर १९३४ रोजी मॅगी यांचे निधन झाले. लेह स्ट्रीटवरील त्यांचे घर आज राष्ट्रीय स्मारक आहे.

आपल्याकडील बचत गट याच वाटेने चालतात. आधी बचत, मग त्याच पैशातून परस्परांना कर्ज, असा त्यांचा क्रम असतो. १९९२ मध्ये नाबार्डने हे गट बँकांशी जोडण्यास प्रारंभ केला. याउलट, जेथे गरीब स्त्रीकडे केवळ कर्जदार म्हणून पाहिले गेले, तेथे काय होते हे आंध्र प्रदेशातील २०१० च्या सूक्ष्म वित्त संकटाने दाखवून दिले. एकामागून एक कर्जे डोक्यावर चढली आणि वसुलीच्या तगाद्याने घरे हवालदिल झाली. विकसनशील देशांत स्त्रियांना किती कर्जे वाटली, याची मोजदाद आवर्जून होते. ठेवी किती जणींच्या नावावर आहेत आणि संचालक मंडळावर त्यांतील किती जणी बसतात, हे प्रश्नही तितक्याच आग्रहाने विचारले पाहिजेत. रिचमंडच्या त्या बँकेत स्त्रिया खातेदार होत्या, कारकून होत्या आणि संचालकही होत्या.