दादासाहेब फाळके: सिनेमाच्या आधीची वीस वर्षं आणि यूव्ही लाइटचं गणित

सायनोटाइप किंवा गम प्रिंटसाठी यूव्ही लाइट कोणता घ्यायचा, हे सांगायला मी दादासाहेब फाळक्यांचं चरित्र वापरणार आहे. विचित्र वाटेल, पण 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी हा माणूस जवळपास वीस वर्षं ज्या कामात होता, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. तिथले प्राचार्य गज्जर हे रसायनशास्त्राचे माणूस. त्यांनी फाळक्यांना रतलामला पाठवलं. तिथे ते थ्री-कलर ब्लॉक, फोटो-लिथो ट्रान्सफर आणि कोलोटाइप शिकले. बहुतेक लेख हा भाग एका ओळीत उरकतात. आपल्या कामाचा भाग मात्र हाच.

फोटो-लिथो आणि कोलोटाइपची केमिस्ट्री साधी आहे. जिलेटिनमध्ये डायक्रोमेट मिसळून लेप द्यायचा. प्रकाश लागला की जिलेटिन कडक होतं. निगेटिव्हच्या काळ्या भागाखाली मात्र ते मऊ राहतं. कडक भाग तेलकट शाई धरतो, मऊ भाग पाणी पितो आणि शाई नाकारतो. (गम प्रिंटमध्ये जिलेटिनऐवजी डिंक, प्रकाशाने कडक होण्याचं तत्त्व तेच. डायक्रोमेट विषारी आहे, हातमोजे घालाच.) हा लेप फारच मंद. एनलार्जरचा बल्ब त्याच्या खिजगणतीतही नसतो. त्याला अतिनील आणि जांभळा-निळा प्रकाश लागतो, तोही भरपूर. म्हणून प्रिंटच्याच मापाची निगेटिव्ह लेपावर ठेवायची, वर काच दाबायची आणि उन्हात न्यायची. हेच कॉन्टॅक्ट प्रिंटिंग.

पुढे फाळक्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगात पहिली पत्नी आणि मूल गेलं. नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग शिकले, सरकारी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन झाले. ती नोकरी सोडून त्यांनी छापखाना काढला तो लोणावळ्यात, आणि जवळच्याच राजा रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोची कामं केली.

लोणावळा! उन्हावर चालणाऱ्या धंद्यासाठी याहून अवघड जागा शोधून सापडणार नाही. त्या काळातल्या मोठ्या प्रोसेस कारखान्यांनी यावर शोधलेलं उत्तर म्हणजे कार्बन आर्क: दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ठिणगी धरून ठेवायची. धूर होतो, वीज खाते, डोळ्यांना घातक; पण अतिनील भरपूर आणि उगम अगदी छोटा.

उगम छोटा असण्याला महत्त्व आहे. सूर्य आकाशात अर्धा अंशच व्यापतो. निगेटिव्ह आणि लेपात ०.१ मिलिमीटर फट राहिली, तरी कडा जेमतेम ०.००१ मिलिमीटरने पसरते. ट्यूबलाइटचा प्रकाश सगळीकडून येतो, त्यामुळे कडा जवळपास फटीइतकीच पसरू शकते. हाफटोन ब्लॉकवर इंचाला १३३ ओळी असतील, तर दोन ठिपक्यांत अंतर ०.१९ मिलिमीटर. म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळलेच.

आज पुण्यात जून ते सप्टेंबर माझीही अवस्था लोणावळ्यासारखीच असते. माझं मत सांगतो: ३६५ नॅनोमीटरच्या आसपासच्या ट्यूब किंवा एलईडी घ्या. ३९५ चे एलईडी स्वस्त असतात. गमला चालतात, सायनोटाइपला वेळ जास्त घेतात. जंतुनाशक यूव्ही-सी ट्यूब मात्र अजिबात नको. तिचा २५४ नॅनोमीटरचा प्रकाश फ्रेमची काचच अडवते, आणि डोळे-कातडी भाजते ती वेगळीच. ट्यूब वापरणार असाल तर लाइटपेक्षा जास्त लक्ष घट्ट दाबणाऱ्या फ्रेमकडे द्या.

फाळक्यांचा छापखाना नंतर मुंबईत दादरला गेला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीला गेले. मग भागीदारांशी बिनसलं आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर ते सगळं सोडून बाहेर पडले. १९११ मध्ये गिरगावात सिनेमा पाहिला आणि त्याचा इतका ध्यास घेतला की दिवसरात्र जागून दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. (याचा संबंध यूव्हीशी जोडायचा मोह टाळूया.)

फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोकं पाडायचं आणि प्रिंट काढायचं यंत्रही घेऊन आले. भोकं पाडण्यापासून डेव्हलपिंगपर्यंतच्या कामात पत्नी सरस्वतीबाई होत्या. फिल्मची प्रिंटही कॉन्टॅक्टच: निगेटिव्ह आणि कोरी फिल्म एकमेकींना चिकटून दिव्यासमोरून सरकतात. ती तयार करणाऱ्याला दाब, फट, एक्स्पोजर हे सगळं आधीच हाताखालचं होतं. फरक एवढाच, की सिल्व्हर ब्रोमाइडच्या फिल्मला साधा दिवा पुरतो, तोही प्रत्येक चौकटीला क्षणभर. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला. १६ फेब्रुवारी १९४४ ला फाळके नाशिकला गेले. त्यांच्या सिनेमांची उरलीसुरली रिळं आता पुण्यात, फिल्म संग्रहालयात आहेत.